केस गुलबर्ग्याला गेली

प्रेमला गेली, त्यानंतर रुपीनं पान्हाच सोडला नाही. रेडकू लावून बघितलं, पेंडीची आंबोण पुढं ठेवली, कासेवर कोमट पाणी मारलं. म्हैस खायची, माझ्याकडं बघायची आणि दूध वर ओढून धरायची. बाकीच्या म्हशी माझ्या हाताला येत होत्या. रुपी प्रेमलाची होती. तिला तिच्याच हाताची सवय.

शेवटी शेजारच्या गोठ्यातल्या गेनूतात्यांनी सांगितलं, "बायकोचं लुगडं अंगावर घे आन् बस. लाजू नको. माझ्या बापानंबी घेतलं हुतं."

दोरीवर तिनं बदलून टाकलेली मोरपंखी साडी तशीच होती, न धुतलेली. ती डोक्यावरून घेतली, तोंडावर ओढली आणि रुपीच्या कासेला बसलो. तिनं मान वळवून खांद्याशी हुंगलं. मग धार लागली. मी साडीत तोंड घालून रडत होतो, पण हात थांबवले नाहीत. पान्हा सोडलेल्या म्हशीखालून उठायचं नसतं. प्रेमलाचा तो नियम होता. दारात कोणी येवो, फोन वाजो, ती बसल्या जागेवरून म्हणायची, "थांबा म्हणावं. जनावरानं सोडलंय."

आयुष्यात एकदाच ती अर्ध्यावरून उठली.

आमचं घर आणि गोठा हिंजवडीच्या मागच्या अंगाला आहे. समोर काचेच्या कंपन्या, त्यांच्यापुढं रस्ता आणि रस्त्याच्या अलीकडं आम्ही. शेजारच्या तुकड्यात पृथ्वीराजची बोअर आहे. उन्हाळा लागला की सोसायट्यांच्या टाक्या कोरड्या पडतात आणि त्याचे टँकर दिवसभर पळतात. त्याच्या स्वतःच्या वाटेनं जायचं तर मोठा वळसा पडतो. आमच्या गोठ्यापुढच्या अंगणातून सरळ रस्त्याला लागता येतं. त्यानं वाट मागितली. आम्ही नाही म्हणालो. अंगणात रेडकं बांधलेली असतात. त्यानं पुन्हा मागितली, आम्ही पुन्हा नाही म्हणालो. त्यानंतर त्यानं मागितली नाही. एका सकाळी टँकर आणून आमच्या अंगणाभोवतीची दगडाची वई पाडली.

प्रेमला रुपीखाली बसली होती. दगड पडल्याचा आवाज झाला तशी ती उठली आणि टँकरपुढं जाऊन उभी राहिली. मी कडबा आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा लोक गोल करून उभे होते. तिच्या दोन्ही हातांना दूध लागलेलं होतं आणि त्या दुधाला माती चिकटली होती. गोठ्यात रुपी ओरडत होती.

ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक लागला नाही. अपघात म्हणूनच सगळं मिटलं असतं. पण त्या वेळी नाजिमा किटली घेऊन दुधाला आली होती. रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या गाळ्यात ती साड्यांना फॉल लावायचं काम करते. नवरा नासिर टेम्पो चालवतो. तिनं चौकीत सांगितलं, की पृथ्वीराज टँकरच्या पायरीवर उभा होता आणि ड्रायव्हरला म्हणाला, "घाल. बघू कशी सरकत नाही ते." त्या एका बाईच्या बोलण्यावर खुनाचा गुन्हा लागला. पृथ्वीराज आणि ड्रायव्हर दोघं आत गेले आणि पृथ्वीराज पाच-सहा महिन्यांनी जामिनावर बाहेर आला. टँकर तेव्हाही चालूच होते.

शिवाजीनगरच्या कोर्टात साक्षी सुरू झाल्या तेव्हा पहिले गेनूतात्या उभे राहिले. ज्यांनी मला साडी घ्यायला सांगितली, तेच. ते म्हणाले, "मी झोपलो हुतो. मला काय बी ठावं न्हाई." बाहेर आल्यावर ते माझ्या बाजूनं गेले, पण वर बघितलं नाही. त्यानंतर पलीकडच्या साइटचा वॉचमन आला. त्यालाही काही आठवलं नाही. डोळ्यांनी बघणारी राहिली फक्त नाजिमा.

तिची तारीख पडायच्या आधी एका सकाळी तिनं गाळा उघडला तर आत गुडघ्याएवढं पाणी. वरचा पत्रा उचकटून कोणीतरी टँकरचा पाइप आत सोडला होता. मशीन बुडालेली, लोकांच्या साड्यांचे रंग एकमेकींना लागलेले. आमच्या भागात लोक हंड्याला महाग झाले होते आणि नाजिमाच्या दुकानातून पाणी वाहून रस्त्यावर येत होतं. बायका बादल्या घेऊन आल्या, त्यांनी ते भरून नेलं.

नाजिमा पायरीवर बसली होती. ओढणी पिळत म्हणाली, "बजरंगभाऊ, पाणी आहे म्हणून बरं. पुढच्या वेळी दुसरं काही टाकतील."

आमचे वकील यज्ञेश्वर. कोथरूडला त्यांच्या घरातच पुढच्या खोलीत ऑफिस आहे. मी आणि नासिर तिथं गेलो. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसायला काढला.

"केस दुसऱ्या राज्यात न्यायला लागेल," ते म्हणाले. "सातारा, सोलापूर, कुठंही गेलं तरी या गृहस्थांचे पाहुणे आहेतच. राज्याबाहेर न्यायची तर सुप्रीम कोर्टात अर्ज. तो अधिकार मुंबईच्या हायकोर्टालाही नाही."

"दिल्ली?" नासिर म्हणाला. "साहेब, आम्ही कात्रजच्या पुढं कधी भाडं घेत नाही."

"तुम्हाला टेम्पो घेऊन जायचं नाहीये. तिथं आमचे एक मित्र आहेत, ते उभे राहतील. तुम्ही फक्त सांगायचं." त्यांनी कागद पुढं ओढला. "बजरंगराव, बोला. तुम्हाला कशाची भीती वाटते?"

मी जमिनीकडं बघत राहिलो.

"अहो, बोला ना."

"भीती अशी काय न्हाई साहेब. न्याय मिळावा, एवढंच."

"मग केस इथंच चालवू. साक्षीदार दर वेळी कमी होतायत, कोर्टाचा वेळही वाचेल."

नासिरनं माझ्या मांडीवर हात ठेवला. मी म्हणालो, "साहेब, आमच्यात गडी माणूस असं सांगत न्हाई."

"ते मला माहीत आहे. पण नुसतं 'न्याय मिळावा' म्हटल्यावर केस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात नाही. भीती खरी आहे हे दाखवावं लागतं. कोण आलं, काय म्हणालं, त्यानंतर तुम्ही काय केलंत. आणि ते सगळं शपथेवर."

मग मी सांगितलं. बायको गेल्यावर मी अंगणातल्या खाटेवर झोपायचं सोडलं. टँकरचा हॉर्न वाजला की माझे हात थरथरतात आणि म्हशी दूध चोरतात. मुलगी अस्मिता कंपनीच्या कँटीनमध्ये हिशेबाला बसते. ती परत येईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभा असतो, आणि ती लांबून दिसली की लपतो, म्हणजे तिला कळू नये. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. नासिर खाली बघत होता. वकील लिहीत होते. एकदा त्यांचं पेन थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

उठताना त्यांनी सांगितलं, "एक गोष्ट लक्षात ठेवा. याची एक प्रत समोरच्यालाही जाते."

"कुणाला?"

"पृथ्वीराजला. त्याचं म्हणणंही कोर्ट ऐकणार. ऐकलंच पाहिजे."

आपल्याला ज्याची भीती वाटते, त्यालाच ती लिहून कळवायची, हे मला आधी कळलंच नव्हतं.

त्याला ती प्रत मिळाली ते मला लगेच समजलं. तो सकाळच्या धारेलाच आला.

त्या वेळी अंगणात गिऱ्हाइकं असतात. सोसायटीतल्या दोन बाया, एक सिक्युरिटीवाला, कंपनीत जाणारी पोरं. मी प्रेमलाची साडी डोक्यावरून घेऊन रुपीखाली बसलो होतो. रोज येणाऱ्या लोकांना त्याची सवय झाली होती. ते हसत नसत. पृथ्वीराज पांढऱ्या गाडीतून उतरला, बरोबर दोघं होते. त्यानं वाकून नमस्कार केला.

"बजरंगतात्या, चालू द्या चालू द्या. मी आपलं उभ्या उभ्या आलोय." त्यानं खिशातून घडी केलेले कागद काढले. "इंग्रजीत होतं. तुमच्यासाठी मराठीत करून घेतलं. बघा बरोबर हाय का."

आणि तो मोठ्यानं वाचायला लागला. शाळेत धडा वाचतात तसं, प्रत्येक शब्द सुटा करून. खाटेवर झोपायचं सोडलं ते वाचलं. हात थरथरतात ते वाचलं. मुलीची वाट बघत उभा राहतो आणि लपतो, ते वाचताना तो थांबला आणि अस्मिताकडं बघितलं. ती घराच्या दारात दुधाची मापं घेऊन उभी होती.

"पोरीला म्हाईत नव्हतं वाटतं," तो म्हणाला. "तात्या, आमच्या घरी तुमचं दूध यायचं. वहिनीच्या हातचा खरवस खाल्लाय मी. आन् तुम्ही मला असं लिहिता? मला भ्याता?"

मी उठलो. म्हैस भरात होती, धार बादलीत वाजत होती, तरी मी उठलो. साडी डोक्यावरून घसरून कमरेशी अडकली. मी हात जोडले. कशासाठी जोडले ते आजही मला सांगता येत नाही, पण जोडले. मागं रुपीनं पाय झाडला आणि बादली कलंडली. दूध शेणातून त्याच्या बुटापर्यंत गेलं. तो एक पाऊल मागं सरला.

"बघा, नासाडी झाली," तो म्हणाला. कागदाची घडी करून त्यानं माझ्या जोडलेल्या हातांत खोचली आणि गेला.

गिऱ्हाइकं आपापल्या भांड्यांकडं बघत होती. शेवटी कंपनीतला एक पोरगा हळूच म्हणाला, "अंकल, आज दूध मिळेल ना? नाहीतर मी पिशवी घेतो."

अस्मितानं त्याच्या हातातलं भांडं हिसकून घेतलं आणि दुसऱ्या म्हशीचं दूध भरून दिलं. सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर आली.

"आप्पा, तुम्ही कुठं लपता?"

"पानपट्टीच्या मागं."

"तिथून माझी बस दिसते?"

"दिसती."

तिनं बादली उचलली आणि धुवायला नेली. त्या संध्याकाळी साडी घेऊन बसलो तरी रुपीनं दूध दिलं नाही. मधेच टाकून उठलेल्या माणसाला जनावर विसरत नाही.

उन्हाळा सरला, पाऊस झाला, थंडी गेली. दिल्लीहून निकाल आला तो पुन्हा ऊन चढायला लागल्यावर. यज्ञेश्वर वकिलांचा फोन आला. "बजरंगराव, झालं. केस कलबुर्गीला गेली. म्हणजे तुमचं गुलबर्गा. सगळे कागद तिकडं जातील, साक्षी तिथं होतील."

"तिथली भाषा कानडी ना, साहेब?"

"तिथली निम्मी बाजारपेठ दखनी उर्दू बोलते. नाजिमाबाईंचं बोलणं जजला थेट कळेल. तेही आपण अर्जात घातलं होतं. तुमच्या लक्षात नसेल, तुम्ही तेव्हा जमिनीकडं बघत होतात."

मी नाजिमाला सांगायला गेलो. ती हातानं टीप घालत होती. मशीन त्या पाण्यानंतर नीट चालत नव्हती. नासिर दारात टेम्पो पुसत होता.

"गुलबर्ग्याला माझी खाला आहे, मावशी," नाजिमा म्हणाली. "दर्ग्याच्या मागच्या गल्लीत. लहानपणी उरुसाला जायचो."

नासिरनं फडकं टेम्पोवर आपटलं. "खालाकडं जाणं वेगळं. तिथं जाऊन बोलायचं, मग? बोलून झाल्यावर परत कुठं यायचं? इथंच ना? केस गेली तिकडं. आपलं घर गेलं का तिकडं?"

"हळू बोला," ती म्हणाली.

"दादा, तुम्हीच सांगा. तुमची बायको गेली, आम्हाला वाईट वाटतं. पण माझी अजून आहे."

नाजिमानं दात लावून दोरा तोडला. "प्रेमलाभाभी मापाच्या वर रोज एक धार माझ्या किटलीत सोडायची," ती म्हणाली. "त्या दिवशी किटली रिकामीच राहिली. मी ती घेऊन तशीच उभी होते आणि सगळं बघत होते. मी ओरडलेसुद्धा नाही. आता एकदा तरी बोलू द्या मला."

नासिरनं फडकं उचललं आणि पुन्हा काच पुसायला लागला. पुसलेलीच काच पुसत होता.

जायचं ठरलं, पण म्हशींचं काय करायचं? बाकीच्यांना अस्मिता पिळू शकत होती. प्रश्न रुपीचा. मधल्या काळात ती पुन्हा व्याली होती आणि माझ्या हाताला परत आली होती, पण साडी लागायचीच. अस्मिता म्हणाली, "आईची साडी मी घेते. मी तिचीच मुलगी आहे."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दावणीला साडी शोधली तर खुंटी मोकळी. अस्मितानं ती धुऊन वाळत घातली होती. पावडर लावून, दोनदा खळबळून. काठाचा मूळचा रंग वर आला होता.

"किती घाण झाली होती आप्पा," ती म्हणाली. "आईची साडी. अशी कशी ठेवायची? मी नेसणार म्हणून धुतली."

मी साडी नाकाला लावली. पावडरीचा वास. बाकी काही नाही. शेणाचा नाही, दुधाचा नाही, तिचाही नाही. मी इतके दिवस ती धुतली नव्हती ते कशासाठी, हे मी पोरीला कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगून उपयोग नव्हता. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलंच.

ती साडी घेऊन बसली तेव्हा रुपीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग मी बसलो. तेच. अस्मिता गोठ्याच्या खांबाला टेकून रडायला लागली.

"रडू नको," मी म्हणालो. "रेडकू सोड तिला. पिईल तेवढं पिऊ दे. कास घट्ट झाली तर कोमट पाण्यानं शेक. आन् दार लावून बस."

"तुम्ही नाही गेलात तर?"

"गेलो न्हाई तर कोर्टात नाजिमा एकटी पडंल."

सकाळची धार उरकून आम्ही निघालो. मी, नाजिमा आणि नासिर. पुणे स्टेशनवर डब्यात चढणाऱ्या प्रत्येक माणसाचा चेहरा मी बघत होतो. दौंडला दोन तरुण चढले आणि आमच्यासमोर बसले. एकानं मोबाइल असा धरला होता की मला वाटलं, आमचाच फोटो काढतोय. नासिर उठून नाजिमाच्या आणि त्यांच्यामधे उभा राहिला. कुर्डुवाडीला ते उतरले. एक म्हणाला, "चाचा, आता तरी बसा. पाय दुखले असतील."

नाजिमानं डबा उघडला. आम्हाला खाता आलं नाही. तिनं पोळीची गुंडाळी करून नासिरच्या हातात दिली. ती त्याच्या हातात तशीच राहिली, गुलबर्गा येईपर्यंत.

खालाचं घर लहान होतं, पण तिनं तिघांना ठेवून घेतलं. सकाळी नाजिमा दर्ग्यात जाऊन आली आणि मग आम्ही कोर्टात गेलो.

लांब व्हरांडा, कडेला बाकं, वर पंखे. बोलणं कानडी, काही दखनी. पृथ्वीराज आधीच आला होता. पांढरा शर्ट, बरोबर वकील, मागं तेच दोघं. तो बाकावर पाय पसरून बसला होता. मला बघून हसला, पण तेवढ्यात कोर्टाचा शिपाई आला. त्यानं कानडीत काहीतरी म्हटलं. पृथ्वीराजला कळलं नाही. शिपायानं पुन्हा म्हटलं आणि हातानं उठ अशी खूण केली. ते बाक वकिलांसाठी होतं. पृथ्वीराजनं इकडंतिकडं बघितलं. मग उठला आणि भिंतीला उभा राहिला, आमच्यासारखाच. हिंजवडीत त्याला कोणी उठवलेलं मी बघितलं नव्हतं. तरी माझी भीती गेली नाही. मी त्याच्या बुटांकडंच बघत होतो.

नाजिमाचं नाव पुकारलं. पृथ्वीराज आरोपी म्हणून आत गेला. मला आत जाता येईना. मीही साक्षीदार, माझी साक्ष व्हायची होती, म्हणून बाहेर बसायचं. दार लागलं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. फक्त पंख्याचा आवाज. नासिर माझ्याशेजारी बसून ओठ हलवत होता. मधे एकदा आतून पुरुषाचा मोठा आवाज आला, मग शांतता. नासिर उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

"ती गप्प झाली असंल," तो म्हणाला. "दादा, ती घाबरली की गप्प होते."

मला रुपी आठवत होती. भ्यालं की तीही वर ओढून धरते.

दार उघडलं. नाजिमा बाहेर आली. ओढणी कपाळाला चिकटली होती. ती बाकावर बसली आणि तिनं आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर बोलली.

"त्यांचा वकील म्हणाला, टँकरचा एवढा आवाज असतो, त्यात पायरीवरच्या माणसाचं बोलणं तुला रस्त्यावर कसं ऐकू आलं? खोटं बोलतेस."

"मग?" नासिरनं विचारलं.

"मी म्हटलं, टँकर बंद होता. भाभी पुढं येऊन उभी राहिली तेव्हा ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. तो बिचारा थांबला होता. मग हा म्हणाला, 'घाल.' आणि मग त्यानं चालू केलं." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "जजसाहेब म्हणाले, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं."

म्हणजे ब्रेकचा प्रश्नच नव्हता. उभी गाडी चालू करून घातली होती. हे मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं. प्रेमलाला तेवढा वेळ मिळाला होता. तिला वाटलं असेल, टँकर थांबला. मी खाली वाकून बसलो. नासिरचा हात माझ्या पाठीवर होता. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

माझी साक्ष फार वेळ चालली नाही. वाटेचं भांडण सांगितलं, प्रेत ओळखल्याचं सांगितलं. आरोपीकडं बघून सांगा म्हणाले, तेव्हा मी बघितलं. हात कठड्याखाली होते, ते कोणाला दिसत नव्हते.

बाहेर आल्यावर नाजिमा म्हणाली, "मी इथंच राहते, खालाकडं. निकाल लागेपर्यंत. इथंही फॉल लावतातच की लोक." नासिरनं मान हलवली. तो गाळा रिकामा करायला माझ्याबरोबर पुण्याला येणार होता. निघताना तिनं किटली माझ्या हातात दिली. येताना तिनं तीच पाण्याला घेतली होती.

"भाऊ, ही गोठ्यात ठेवा," ती म्हणाली. "मी आले की भरून द्या."

परतीच्या वाटेवर मी अस्मिताला फोन लावत राहिलो. वाजायचा आणि बंद व्हायचा. नासिर म्हणाला, झोपली असेल. सकाळ झाली तरी उचलला नाही. पृथ्वीराजची गाडी आमच्या आधी पोचली असणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पानपट्टीजवळ उतरलो तेव्हा मी धावायला लागलो. हातात किटली वाजत होती.

पुन्हा रचलेली वई जागेवर होती. घराचं दार उघडं. गोठ्यातून रुपी ओरडत होती, त्या दिवशी ओरडत होती तशी.

अस्मिता तिच्यापाशी बसली होती. हातात ओलं फडकं, पुढं कोमट पाण्याची बादली, केस सुटलेले. फोन घरात राहिला होता. ती तिथून हललीच नव्हती.

"आप्पा, रेडकालापण लाथ मारते. कास बघा, दगड झालीय."

मी हात लावून बघितलं. सड तापलेले होते. धुतलेली साडी खुंटीला होती, पण ती घेण्यात अर्थ नव्हता. मी टोपी काढली, तोंडावर पाणी मारलं आणि उघड्या डोक्यानं बसलो. अंगाला प्रवासाचा वास होता. रुपीनं मान वळवली. माझ्या खांद्याशी नाक आणलं, मानेला लावलं, गरम श्वास सोडला. बराच वेळ हुंगत राहिली. मी अंगठ्यानं सड चोळत होतो आणि काही मागत नव्हतो.

मग आतून दूध उतरलं. हाताला कळतं ते. पहिली धार जाड, पिवळसर. ती मी जमिनीवर सोडली. पुढची बादलीत.

तेवढ्यात बाहेर टँकर आला. वळशाच्या जुन्या वाटेनं वळला नाही. सरळ आमच्या वईपाशी येऊन थांबला. हॉर्न वाजला, लांब. माझे हात थरथरले, धार बादलीच्या काठावर आपटली. रुपीचा पाय हलला.

"तात्या!" पृथ्वीराजचा आवाज. "आला का गुलबर्ग्याहून? या जरा बाहेर. बोलायचंय."

अस्मिता उठून उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, माझाही पडला असेल. मी कपाळ रुपीच्या कुशीला टेकवलं. तिथं तिच्या पोटातला आवाज ऐकू येतो. हात पुन्हा सडांवर नीट बसवले.

"थांबा म्हणावं," मी अस्मिताला म्हणालो. "जनावरानं सोडलंय."

ती दारापर्यंत गेली आणि तिनं तेच शब्द मोठ्यानं सांगितले. बाहेरून उत्तर आलं नाही. टँकरचं इंजिन चालू होतं. मी ते ऐकत होतो आणि धार काढत होतो.